सासऱ्यांच्या नावानं सोडलेला फोन

माई काहीही देताना आधी उजव्या तळहातावर पळीभर पाणी घ्यायच्या, ते बोटांवरून खाली सोडायच्या आणि म्हणायच्या, "सुटलं."

मग ती वस्तू साडी असो, तांब्या असो, नाहीतर उरलेली अर्धी भाजी. दान देताना उदक सोडतात हे तुम्हाला ठाऊक आहेच. पण ते लग्नात नाहीतर श्राद्धाला. माईंनी ते रोजच्या वापरात आणलं होतं. पाणी सुटलं की त्या वस्तूकडे त्या वळून बघत नसत. आमच्याकडे त्यांनी दिलेली एक छत्री आहे. दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी पाऊस आला आणि माई भिजत बाजारात निघाल्या. मी जिन्यातून ओरडलो, "माई, छत्री घेऊन जा!"

"ती तुझी."

"अहो, उसनी म्हणून घ्या."

"दिलेली वस्तू उसनी आणायची? असले धंदे तुमच्या बँकेत करा." आणि गेल्या भिजत. मी छत्री हातात धरून कोरडा उभा राहिलो. त्या घरात माझी बरीच वर्षं साधारण याच अवस्थेत गेली.

बँकेनं माझी बदली काशीला केली आणि मंगला गौरीच्या गल्लीत माईंच्या घराचा वरचा मजला आम्ही भाड्यानं घेतला. त्यांचं खरं नाव सांगत नाही. सांगितलं तरी गल्लीतला कुणी ओळखणार नाही. सगळ्यांच्या त्या माईच. मला त्या 'बँकवाल्या' म्हणत. बोलणं मराठी, पण कित्येक पिढ्या काशीत गेल्यामुळे त्यात हिंदी अशी मुरली होती की कुठली भाषा कुठं संपते ते कळायचं नाही. "जास्त होशियारी नको दाखवू, फटाफट सांग," हे त्यांचं मराठी वाक्य.

नोकरी त्यांनी रेल्वेच्या तिकीट खिडकीवर केली. समोरच्याचं वाक्य अर्ध्यात असतानाच तिकीट त्याच्या हातात पडायचं, असं जुने लोक सांगतात. उरलेलं वाक्य माणूस बाजूला होऊन स्वतःशी पुरं करायचा. निवृत्त झाल्यावर खिडकी गेली, पण माईंची बसण्याची पद्धत गेली नाही. तुम्ही त्यांच्या ओसरीवर गेलात की नकळत रांगेत उभे राहायचात.

तर अशा माईंचं क्रिप्टोच्या एका एक्स्चेंजवर खातं होतं. हे कळलं तेव्हा मी जिन्यातच बसलो. बंगळूरच्या भाच्यानं त्यांना ते उघडून दिलं होतं आणि पेन्शनमधून अधूनमधून त्या त्यात थोडं टाकत होत्या. बँकेचा माणूस म्हणून समजूत घालणं माझं कर्तव्य होतं.

"माई, हा जुगार आहे. हातात काही येत नाही. दिसत नाही, वाजत नाही."

"पुण्य दिसतं का?"

"नाही."

"वाजतं?"

"नाही."

"मग? लोक कुठून कुठून या शहरात येतात आणि न दिसणाऱ्या वस्तूत पैसे घालून जातात. अख्खी काशी त्यावर उभी आहे. आणि तू मला सांगतोस!"

त्याच सुमारास एका सहकाऱ्याच्या सांगण्यावरून मी काही शेअर घेतले होते, अगदी दिसणारे, कागदोपत्री. त्यांचं पुढं काय झालं ते आमची सौभाग्यवती पाहुण्यांना सांगत असते, म्हणून मी इथं सांगत नाही.

माईंचे यजमान, आमचे काका, हे याच्या नेमके उलट. शाळेत संस्कृत शिकवलेले, मोजकं बोलणारे. लहानपणापासून त्यांचं कार्तिकस्नान चुकलेलं नव्हतं. काशीत कार्तिक कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी लागतो; तेव्हापासून पहाटे पंचगंगा घाटावर उतरायचं, बुडी मारायची, वर बांबूंना टांगलेल्या आकाशदिव्यांकडे एकदा बघायचं आणि घरी यायचं. काचबिंदूनं नजर कमी होत गेली तरी ते चालूच होतं. आमच्या घराच्या भिंतीला लागून अरुंद, उंच पायऱ्यांचा एक उतार आहे. तो संपला की मोकळा घाट, आणि तिथं कुणीतरी नावाडी हात द्यायला असतोच. खरी भीती त्या भिंतीलगतच्या पायऱ्यांची.

त्या वर्षी श्रावणात काका तिथंच घसरले. हाड मोडलं नाही. पण त्यानंतर ते खाली गेले नाहीत. पायरी दिसत नाही, असं एकदाही म्हणाले नाहीत. एवढंच म्हणाले, "आता गंगा लांब गेली."

घरापासून गंगा होती तिथंच होती. पण काका ओसरीवरच्या बाजेवर बसायला लागले ते बसायलाच लागले. मग जेवणही तिथंच मागायला लागले. माईंनी दोन-चार दिवस हे बघितलं आणि एका सकाळी पळी घेतली.

"खात्यात आहे ते भिंतीच्या रेलिंगचं. वरपासून खालपर्यंत. कार्तिकात हे पाण्यात उतरले पाहिजेत." पाणी बोटांवरून गेलं. "सुटलं."

"माई, आधी पैसे काढा तरी," मी म्हटलं.

"सोडलं म्हणजे निघालंच. आता फक्त उचलून द्यायचं."

डोळ्यांच्या उपचारात घरातली बाकीची शिल्लक संपली होती, हे मला माहीत होतं. मी अंगात नसलेला दानशूरपणा आणून म्हटलं, "मी देतो की." माईंनी मला खिडकीच्या आतून बघावं तसं बघितलं. "तू भाडं वेळेवर दे. तेवढं पुष्कळ झालं."

भाद्रपदात भाच्यानं त्यांना नवा फोन पाठवला. सिमकार्ड इकडचं तिकडे झालं, नंबर नव्यात आले, फोटो आले, सगळं सुरळीत झालं. उरला जुना फोन. तो धडधाकट होता आणि पितृपक्ष तोंडावर आला होता.

आता माईंच्या सासऱ्यांबद्दल सांगितलं पाहिजे. फार जुन्या काळी त्यांनी घरी टेलिफोन मिळावा म्हणून अर्ज केला होता. फोन येणार म्हणून एक खास तिवई करून घेतली, तिच्यावर विणलेलं झाकण घातलं. लाइनमन गल्लीत दिसला की ते दारात उभे राहत. तो शेजारच्या घरी जाई. वाट बघण्यातच सासरे गेले. मागून फोन आला. ती तिवई अजून ओसरीवर आहे आणि तिच्यावर माईंचं पळी-पंचपात्र असतं.

"त्यांचा जीव फोनात अडकलेला होता," माई म्हणाल्या. आणि सासऱ्यांच्या तिथीला, जेवून उठलेल्या गुरुजींच्या हातात त्यांनी तो जुना फोन ठेवला.

गुरुजी संकठा घाटाजवळ राहणारे, घनपाठी, म्हणजे वेदातले शब्द मागेपुढे, उलटसुलट फिरवून अचूक म्हणणारे. शांत माणूस. ते म्हणाले, "माई, आतलं सगळं पुसून तरी द्या."

"मन साफ असेल तर फोन कशाला साफ करायचा?" माईंनी पळी उचलली. गुरुजींनी फोन चपळाईनं कडेला घेतला, पाणी ताम्हनात पडलं. "सुटलं."

त्या पाण्याबरोबर आणखी काय सुटलं ते आमच्यापैकी कुणाच्याही लक्षात आलं नाही. मी तर हजर होतो. मी खीर खात होतो.

नवरात्रात लोहार आला. गल्लीत त्याला मिस्त्री म्हणतात. भिंतीवरून हात फिरवत वरून खाली गेला, खालून वर आला. "सरद पूनो से पहिले लग जाई, माई. बस, लोहे का पैसा दे दीजिए." सरद पूनो म्हणजे आपली कोजागिरी.

माईंनी ओसरीवर बसून खातं उघडायला घेतलं. पासवर्ड बरोबर. फोनवर आलेला आकडा बरोबर. मग तिसऱ्या दारावर एक्स्चेंजनं विचारलं, ऑथेंटिकेटरमधला कोड टाका. हे ऑथेंटिकेटर म्हणजे दर अर्ध्या मिनिटाला नवा आकडा दाखवणारं एक अ‍ॅप. ते नव्या फोनातही होतं. पण उघडलं तर आत काही नाही. देव्हारा आला होता, देव आले नव्हते.

भाच्याला फोन लावला.

"मावशी, ते कोड जुन्या फोनातच राहतात. तुला तेव्हा एक बॅकअपची किल्ली दिली होती, जपून ठेव म्हणालो होतो."

"ठेवली ना. फोटो काढून ठेवला."

"छान. कुठं आहे फोटो?"

"सांगितलं ना, जपून ठेवला. आपल्या साध्या फोटोंत जाऊ नये म्हणून वेगळा ठेवला."

"वेगळा म्हणजे कुठं?"

"त्याच फोनात."

मग तो म्हणाला, "काही हरकत नाही. जुना फोन घे, एक कोड बघ, दोन मिनिटांचं काम आहे."

मी लगेच चपला घालायला लागलो. संकठा घाट तो किती लांब! माई म्हणाल्या, "बस खाली."

"अहो, गुरुजी एका शब्दावर देतील."

"ते देतील. मी घेणार नाही. उदक सोडलंय."

"परत घ्यायचा नाहीये माई, फक्त बघायचं आहे."

"गाय दान दिली आणि रोज सकाळी जाऊन तिचं दूध आणलं, तर काय दिलं मी? रस्सी?"

मी काकांकडे बघितलं. संस्कृतवाल्यांकडे पळवाट असते असा माझा समज होता. काका बाजेवरून म्हणाले, "दूध आणायचं नाही हे बरोबर."

"आणि वर सासऱ्यांचं काय?" माई म्हणाल्या. "इतक्या वर्षांनी बिचाऱ्यांना फोन मिळाला, तर मी मधेच लाइन घेऊ?"

आता मोहात पडणं हा माझा स्वभाव आहे आणि कार्तिक जवळ येत होता. मी गुरुजींना गाठलं. त्यांनी फोन पुढं केला, तो मी घेतला नाही. घरी फोन नेला असता तर माईंनी मलाच दान करून टाकलं असतं. त्याऐवजी मी कट रचला. मी माईंच्या शेजारी बसेन, कानात छोटा बिनतारी इयरफोन घालेन, गुरुजींनी घरून फोनवर कोड वाचायचा, आणि मी सहज सुचल्यासारखं म्हणेन, हा आकडा टाकून बघा.

दुसऱ्या दिवशी दुपारी बसलो. माईंनी पासवर्ड टाकला. तिसरं दार आलं. माझ्या कानात गुरुजींचा धीरगंभीर आवाज सुरू झाला. पण जन्माची सवय! ते आकडेही घन म्हणतात तसे म्हणू लागले. चार-नऊ, नऊ-चार, चार-नऊ-सात, सात-नऊ-चार. पहिले तीन आकडे कुठले हे मी ठरवेपर्यंत अर्धं मिनिट होऊन गेलं आणि गुरुजींनी त्याच शांतपणे पुढच्या कोडला हात घातला.

"गुरुजी, सरळ म्हणा हो!" मी ओरडलो.

माईंनी माझ्या कानातलं यंत्र दोन बोटांनी काढून तिवईवर ठेवलं.

"सासऱ्यांचा फोन चोरून ऐकतोस?"

वर आल्यावर बायकोनं विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "तांत्रिक अडचण." ती म्हणाली, "हो, ऐकू आली मला इथपर्यंत."

मग माईंनी लांबचा रस्ता धरला. एक्स्चेंजला रीतसर कळवलं की फोन बदलला आहे, जुनं कुलूप काढून द्यावं. एक्स्चेंजनं उत्तर दिलं की आपण आपणच आहात याचा व्हिडिओ पाठवावा. ओळखपत्र हातात धरून, चेहरा नीट दिसेल असं बसून, नाव आणि मागणी स्वतःच्या तोंडानं सांगायची. मग मान डावीकडे वळवायची, उजवीकडे वळवायची, डोळे मिटायचे आणि उघडायचे.

जन्मभर खिडकीच्या आत बसलेल्या बाईला पहिल्यांदाच खिडकीच्या बाहेर उभं राहायचं होतं. पण घाबरल्या म्हणाल तर नाव नको. "त्यांनी विचारायलाच पाहिजे," माई म्हणाल्या. "मीही सवलतीचं तिकीट चेहरा बघितल्याशिवाय देत नव्हते. बरोबर आहे त्यांचं. चल, काढ व्हिडिओ."

पहिला व्हिडिओ परत आला. मागच्या भिंतीवर देवांच्या तसबिरी होत्या आणि चौकटीत एकाहून अधिक चेहरे आहेत असं एक्स्चेंजचं म्हणणं पडलं. माई म्हणाल्या, "कुणीतरी बघितलं तर त्यांना."

दुसऱ्यात डोळे मिटायची वेळ आली. माईंनी डोळे मिटले. आम्ही वाट बघत राहिलो. ओठ हलत होते. डोळे मिटले की जप सुरू व्हायचा आणि जप सुरू झाला की माळ पुरी झाल्याशिवाय डोळे उघडायचे नाहीत, हा सगळ्या जन्माचा नेम. मी हातातला फोन या हातातून त्या हातात घेतला. शेवटी त्यांनी डोळे उघडले तेव्हा चेहऱ्यावर मोठं समाधान होतं. एक्स्चेंजला ते पटलं नाही.

तिसरा आणि चौथाही परत आला. चेहरा ओळखपत्रावरच्या चेहऱ्याशी जुळत नाही. हे मात्र माईंना लागलं. त्यांनी ओळखपत्र डोळ्यांजवळ नेलं. त्यावरची बाई किंचित हसत होती. नोकरीत असतानाचा फोटो असावा. समोरच्या माईंचा चेहरा ताठ आणि ओढलेला होता. श्रावणापासून तो तसाच होता. आम्ही रोज बघत होतो म्हणून आमच्या ध्यानात आलं नव्हतं.

"म्हणजे मी मी नाही असं म्हणतात," माई हळू म्हणाल्या. तेवढ्या एका वाक्यापुरता त्यांचा आवाज खिडकीतल्या बाईचा नव्हता.

तेव्हा बाज करकरली. काका उठले होते. भिंतीला हात लावत, चाचपत ते आले. कोनाड्यातली विजेरी त्यांनी उचलली, ती कुठं आहे हे त्यांना बघावं लागलं नाही. माईंच्या समोर स्टुलावर बसले आणि प्रकाश त्यांच्या चेहऱ्यावर धरला. त्यांना किती दिसत होतं देव जाणे.

"हं," काका मला म्हणाले, "घे."

मी फोन धरला. माईंनी नाव सांगितलं. मग म्हणाल्या, "माझा फोन बदलला आहे. माझं खातं मला परत द्यावं." मान डावीकडे. मान उजवीकडे. डोळे मिटायच्या आधी काका म्हणाले, "बघायला आलो होतो तेव्हाही अशीच तोंड पाडून बसली होतीस. मला वाटलं, मुलीच्या मनात नाही."

"नव्हतंच," माई म्हणाल्या आणि हसल्या. हसता हसता डोळे मिटले गेले आणि जप सुरू व्हायच्या आत उघडलेही.

तो व्हिडिओ मंजूर झाला.

खातं उघडलं. सगळं जिथल्या तिथं दिसत होतं. गल्लीत मीच आधी ओरडून सांगितलं. मग खालची बारीक अक्षरं वाचली. सुरक्षेसाठी कुलूप बदललं आहे, म्हणून काही दिवस खात्यातून काहीही बाहेर काढता येणार नाही. ते काही दिवस नेमके कोजागिरी ओलांडून पलीकडे जात होते.

माई उठल्या, पदर खोचला आणि मिस्त्रीच्या दुकानाकडे निघाल्या. उधारी त्यांनी जन्मात केली नव्हती. काय बोलणार आहेत ते ऐकायला मी मागोमाग गेलो. मिस्त्री भट्टीपाशी होता.

"मिस्त्री, पैसा दिख रहा है, निकल नहीं रहा. इस कार्तिक में तुम्हारा काम नहीं होगा."

मिस्त्रीनं हातोडी खाली ठेवली. "पानी छोड़ दिए थे?"

"सावन में ही छोड़ दिया था."

"तब का दिक्कत है? जब पानी छोड़ दिए, त ऊ पैसा आपका कहाँ रहा? हमारा हो गया. हमारा पैसा है, हम जब चाहें लें." आणि तो सळया निवडायला लागला.

एक्स्चेंजनं माईंना चार वेळा ओळखलं नव्हतं. इथं भट्टीच्या धुरात, त्यांच्याकडे धड न बघता, एका माणसानं ओळख पटवून टाकली होती. घरी येताना गल्लीच्या वळणावर माई म्हणाल्या, "बँकवाल्या, याला म्हणतात सुरक्षा."

रेलिंग कोजागिरीच्या आदल्या दिवशी लागलं.

कार्तिकाच्या पहिल्या पहाटे मीही उठलो. बायकोनं घड्याळाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघितलं, कारण हे आमच्या संसारात नवीन होतं. काकांनी सोवळं गुंडाळलं होतं. त्यांनी हात पुढं केला, लोखंड थंडगार लागलं असावं, बोटं एकदा मागं आली. मग पुन्हा गेली आणि घट्ट बसली. ते उतरायला लागले. माई एक पायरी मागं, हात न लावता. मी त्यांच्या मागं, उगीच. पायऱ्या संपल्या, मोकळा घाट आला, नावाड्यानं हात दिला. वर बांबूंच्या टोकांना आकाशदिवे अजून जळत होते. काकांनी पाण्यात पाय टाकला.

"गंगा जवळ आली," ते म्हणाले.

"ती तिथंच होती," माई म्हणाल्या. "तुम्ही गेला होता लांब."

पैसे निघाल्या दिवशी माईंनी ते मिस्त्रीला पोचते केले. पाणी सोडलं नाही. "पुन्हा कशाला? झालंय ते." जुना फोन गुरुजींकडेच राहिला. त्यातल्या त्या अ‍ॅपमध्ये अजून आकडे येत असतात, असं ते सांगायचे. आता त्या आकड्यांनी कुठलंही दार उघडत नाही. माई म्हणायच्या, "असू दे. सासरे बघत असतील."

पुढच्या उन्हाळ्यात माई गेल्या. आजारपण थोडं झालं. अंथरुणावरून त्यांनी वाटप सुरू केलं तेव्हा आम्हाला कळलं की त्यांनी स्वतःचं तिकीट काढून ठेवलेलं आहे. भांडी कुणाला, साड्या कुणाला, सगळं झालं. हातात बळ नव्हतं म्हणून पळी माझी बायको धरायची, माई फक्त बोटं पुढं करायच्या. "सुटलं." तिवई आम्हाला मिळाली. शेवटी त्यांनी मला जवळ बोलावलं आणि काकांकडे डोळ्यांनी दाखवलं. बायकोनं सवयीनं पळी पुढं केली. माईंनी बोटं मागं घेतली.

"हे देत नाहीये," त्या म्हणाल्या. "तुमच्या बँकेत ठेव म्हणतात ना, ती. सांभाळ."

बँकेत इतकी वर्षं काढली, पण एवढी मोठी ठेव माझ्याकडे कधी आली नव्हती.

पितृपक्षात, सवाष्ण गेलेल्यांच्या अविधवा नवमीला गुरुजी आले. जेवण झाल्यावर त्यांनी विचारलं, माईंच्या नावानं काय सोडायचं? मी म्हटलं, माईंचा फोन आहे, त्यांनाही तो आवडत असे. काकांनी तो उशाखालून काढला. त्यात तो व्हिडिओ होता. पडद्यावरचं काकांना दिसत नव्हतं, पण ते ऐकत असत. दुपारी वर आम्हालाही ऐकू यायचं. माझा फोन बदलला आहे. माझं खातं मला परत द्यावं. मग काकांचाच आवाज, मग माईंचं 'नव्हतंच', आणि हसणं.

"हा नाही," काका म्हणाले आणि फोन पुन्हा उशाखाली ठेवला. गुरुजींनी धोतरजोडी घेतली.

कार्तिक आला. पहिल्या पहाटे मी खाली आलो तर काका तयार होऊन दारात उभे होते. रेलिंगचा रंग एका वर्षात हाताच्या उंचीवर उडाला होता; गल्लीतली सगळी म्हातारी माणसं आता त्याला धरूनच उतरतात. काका उतरले. मी एक पायरी मागं, हात न लावता. बुडी झाल्यावर ते कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिले आणि त्यांनी उजव्या तळहातावर पाणी घेतलं. ओठांत माईंचं नाव घेतलं, ते मला दिसलं. आता हात तिरका करायचा आणि पाणी सोडायचं, एवढंच होतं.

त्यांनी हात तिरका केला नाही. बोटं आणखी जवळ घेतली. वर आकाशदिवे हलत होते, मागं पायऱ्यांवर कुणाची तरी काठी वाजली, कुणीतरी रेलिंग धरून खोकलं. काका तळहात तसाच धरून उभे होते. पाणी बोटांच्या फटींतून थेंब थेंब खाली गेलं आणि हात रिकामा झाला.

मी 'सुटलं' ऐकण्यासाठी थांबलो होतो. काका काही म्हणाले नाहीत. ओला हात त्यांनी माझ्या खांद्यावर ठेवला आणि आम्ही वर आलो.